बरंताईची हरकत

सगळे तिला बरंताई म्हणत, आणि यात दोष कुणाचा असेल तर तिचाच होता. गिऱ्हाईक म्हणे, "ही पँट उद्याच हवी हं," की ही म्हणे, "बरं." दुसरं म्हणे, "उद्या कशाला, मी उभाच आहे, आत्ताच चेन बसवून द्या," की त्यालाही "बरं." कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा मोठ्या भावानं सांगितलं, शिक्षण पुरे, आता शिवण शीक. बरं. पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि वहिनीनं सुचवलं, पुढची हवेशीर खोली मुलांना होईल, तुम्ही मागच्या खोलीत जा. बरं. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि ती एवढी जवळ होती की खिडकी पूर्ण उघडायचीसुद्धा नाही. चाळिशी उलटली तरी बाई त्याच खोलीत.

आता तुम्ही म्हणाल, भोळी असेल बिचारी. कसली भोळी! कापडाच्या बाबतीत तिच्याइतकी तिखट बाई शोधून सापडली नसती. नवे कपडे ती शिवत नसे, फक्त जुन्यांची दुरुस्ती करी: लांबी कमी कर, कंबर वाढव, अस्तर बदल, कॉलर उलटव. दुसऱ्या शिंप्याचं काम हातात आलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबत. "हे कात्रीनं कापलंय की दातांनी?" असं ती त्या कोटालाच विचारी. माणसांवरचा सगळा राग असा कापडावर निघायचा, कारण कापड उलटून बोलत नाही आणि जेवायला एकत्र बसत नाही.

दुकान म्हणजे ड्रायक्लीनर आणि बूट दुरुस्तीवाला यांच्या मधली एक फट. मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीवर आरसा, आणि कोपऱ्यात कपडे बदलायला एक पडदा. दोन जाड गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागे. पण त्या फटीत बसून बरंताईला अख्ख्या वस्तीच्या कंबरा ठाऊक होत्या. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणी पथ्य सुरू केलं आणि कुणी चार दिवसांत सोडलं, हे डॉक्टरच्या आधी तिला कळे. सांगत मात्र ती कुणाला नसे.

तिच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शनिवारचं जेवण. त्याची सुरुवात झाली चर्चच्या मोरीपाशी. एका रविवारी उपासनेनंतर मंडळीचं सहभोजन होतं आणि सूप असं पातळ झालं होतं की ताटलीचा तळ दिसत होता. भांडी घासायला चौघं मागे गेली. बरंताई मुकाट्यानं घासत होती. शेजारची दणकट नर्सबाई मात्र म्हणाली, "हे सूप होतं की हात धुवायचं पाणी? प्रभूनं क्षमा करावी, मी करणार नाही." चौघंही हसली. तिथेच ठरलं की शनिवारी नर्सबाईच्या घरी जमायचं आणि माणसांसारखं शिजवून खायचं.

चौघांतली एक नर्सबाई. दुसरे तिचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. ते पाव भाजत, आणि कणीक अशी मळत की एखाद्या उनाड पोराचा कान पिळतायत. तिसरी बरंताई, जिच्याकडे रस्से आणि गोड पदार्थ. आणि चौथा लिफ्टवाला.

लिफ्टवाला म्हणजे बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पंचेचाळिशीचा, अंगानं भरलेला, लग्न न झालेला, आणि तोंडानं जवळजवळ मुका. कोंबडी भाजावी तर त्यानंच. नर्सबाईचा जुना ओव्हन त्यानं स्वतः उघडून असा नीट केला होता की कोंबडीची कातडी कुरकुरीत आणि आतलं मांस लोण्यासारखं. पण बोलायचं म्हटलं की संपलं. कुणी समोरून डोळ्यांत बघितलं की शब्द त्याच्या घशातच अडकत, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसे. बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात ना, त्यातले हे गहू.

गंमत अशी की हाच माणूस डोळे मिटून प्रार्थनेला लागला की थांबायचं नाव घेत नसे. देव समोर बसून टक लावून बघत नाही, म्हणून असेल. आठवडाभर साठलेलं सगळं तो जेवणाआधीच्या प्रार्थनेत मोकळं करी. "हे दयाळू पित्या, त्या दवाखान्याच्या लिफ्टची तार बदलताना तू माझा हात सांभाळलास, तुझे आभार. मास्तरांच्या पावाला आज सुरेख जाळी पडली आहे, त्यांना गर्व होऊ देऊ नकोस. नर्सबाईंनी भाजीत मीठ जास्त घातलं आहे, त्यांचं मन हलकं कर आणि हातही." लिफ्टवाल्याच्या आईचं आजारपण, त्याची गुडघेदुखी, त्याला भावाची येणारी आठवण, हे सगळं बाकीच्या तिघांना असंच, मिटल्या डोळ्यांनी कळलं होतं. जेवण गार व्हायचं, पण प्रार्थना दुसऱ्या कुणी करावी असं कुणी सुचवलं नाही.

अशा जेवणांचं फळ कुठे दिसणार? कंबरेला. चौघांचेही कपडे बरंताईच्या हातून सैल होऊन गेले. लिफ्टवाल्याच्या पँटा तर तिनं एवढ्यांदा वाढवल्या की एक दिवस सांगावं लागलं, "आता शिवणीत कापडच उरलं नाही हो." त्यानं मान हलवली, एक माप मोठ्या पँटा विकत घेतल्या, आणि तरीही तो येतच राहिला. कधी खालची दुमड उसवलेली, कधी खिसा सुटलेला. बरंताईनं ती दुमड उलटून पाहिली आणि तिच्या लगेच लक्षात आलं. झिजून तुटलेल्या दोऱ्याला तूस सुटतं. हा दोरा ब्लेडनं स्वच्छ कापलेला होता.

त्या दिवशी ती दुमड तिनं मशीनवर न घालता हातानं शिवली, बारीक टाक्यांनी, आणि दिवसभर तिला कारण नसताना बरं वाटत राहिलं. आणखी एक गोष्ट तिनं टिपली होती. सगळं जग तिला बरंताई म्हणे, पण हा पठ्ठ्या "ताई" कधी म्हणत नसे. "अहो, जरा," एवढंच म्हणे आणि पुढे खोकत राही. नर्सबाईच्याही हे लक्षात आलं होतं, आणि नर्सबाईच्या लक्षात आलेली गोष्ट पोटात राहत नसते. "काय गं, आमच्या लिफ्टचं घोडं कुठे पेंड खातंय?" ती विचारी. बरंताई कांदा चिरत राही.

मग तो शनिवार आला. बरंताईनं कस्टर्ड करायचं ठरवलं होतं, वर जळकट गोड साखरेचा थर. पातेल्यात साखर मंद आचेवर वितळायला ठेवली होती आणि ती तिथेच उभी होती. साखर वितळताना पाठ फिरवायची नसते; सोनेरी आणि काळा या रंगांत जेमतेम एका श्वासाचं अंतर असतं. तेवढ्यात नर्सबाईनं बाहेरून हाक मारली. "चल गं, प्रार्थना सुरू करतोय, तिथे काय साखरेची राखण करत बसलीस?" आणि बरंताई म्हणाली, "बरं." म्हणून टाकलं! आच आणखी बारीक केली आणि टेबलापाशी येऊन तिनं डोळे मिटले.

डोळे मिटले, पण लक्ष सगळं चुलीकडे. लिफ्टवाला बाजारामागच्या कुठल्याशा लिफ्टबद्दल बोलतोय एवढंच तिच्या कानावर पडलं; त्याचा आवाज त्या दिवशी जरा कापत होता, हेही तिला कळलं नाही. पुढे तो काय म्हणाला ते तिला सोडून सगळ्यांनी ऐकलं, ते असं होतं: "प्रभू, मी कुणासाठी माझ्या धडक्या पँटा उसवत असतो ते तुला ठाऊक आहे. मला तिच्याशी लग्न करायचं आहे. तोंडावर विचारायचं धैर्य मला होत नाही. म्हणून आज आमेन मी म्हणत नाही. तिच्या मनात असेल तर तिनं म्हणावं." आणि तो थांबला.

मास्तरांनी श्वास रोखला. नर्सबाईनं, स्वतःच नंतर सांगितलं, एक डोळा उघडला. आणि बरंताईच्या नाकाशी करपलेल्या साखरेचा वास आला. प्रार्थना तर संपलेली दिसतेय, मग आमेन का म्हणत नाही कुणी? तिनं क्षणभर वाट पाहिली, आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!" आणि खुर्ची मागे ढकलून स्वयंपाकघराकडे धावत सुटली.

लाजून पळाली, असं बाकीच्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं सांगा.

पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. ते घासून, नवीन साखर वितळवून ती बाहेर आली तेव्हा तोंड विस्तवानं लाल झालेलं. नर्सबाईनं तिला कवेत घेतलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. लिफ्टवाला उभा राहिलेला, हातात काटा तसाच धरलेला.

"मी फार आभारी आहे," तो म्हणाला.

"आभार कसले त्यात," बरंताई म्हणाली. "करपलं तर करपलं. दुसरं केलं."

यावर नर्सबाई डोळे पुसत हसली, आणि ही आपली समजत राहिली की कस्टर्ड वाचल्याचा आनंद झालाय मंडळींना. खाणारी माणसं, होतो असा आनंद.

मंगळवारी पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, अस्तर फाटलेला कोट घेऊन दुकानात आल्या. कोट टेबलावर ठेवून त्यांनी बरंताईचे दोन्ही हात धरले. "किती आनंद झाला म्हणून सांगू! नर्सबाईंनी सगळं सांगितलं. प्रार्थनेतच मागणी, आणि तुम्ही कशा खणखणीत आमेन म्हणालात! तर लग्नाची घोषणा येत्या रविवारपासून करू या ना? नियमाप्रमाणे सलग तीन रविवार वाचावी लागते."

बरंताईच्या हातातली टाचणी खाली पडली. मागणी, आमेन, घोषणा, एकेक शब्द तिच्या डोक्यात उशिरा उतरत गेला, आणि सगळा शनिवार तिच्या डोळ्यांपुढून पुन्हा गेला. पाळकबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या, हसऱ्या, आईसारख्या. आणि ही बया काय म्हणाली असेल? "बरं."

पाळकबाई गेल्या आणि हिनं कपाळावर हात मारून घेतला. मग मशीनवर डोकं टेकून ती देवाशी बोलली. मोठ्यानं प्रार्थना तिला कधी जमली नव्हती, पण दुकानात एकटी असली की ती त्याच्याशी सरळ बोले, शेजाऱ्याशी बोलावं तशी. "तुला तरी दिसत होतं ना, माझं लक्ष साखरेकडे होतं? तुझ्यासमोर म्हटलेलं आमेन आहे, खोटं म्हणू तरी कसं? आणि खरं म्हणू तरी कसं?"

तिला माणूस नको होता असं नाही. खरं दुखणं तेच होतं. तो दारात खोकला की तिचे टाके आपोआप बारीक पडत. शनिवारची ती बुधवारपासून वाट बघे. पण शिक्षण सोडलं ते दुसऱ्याच्या शब्दावर, खोली सोडली ती दुसऱ्याच्या शब्दावर, आणि आता लग्नही असंच व्हायचं? चुकून, करपलेल्या वासावर, तिच्या नकळत? उद्या संसारात त्यानं विचारलं, "तू मनापासून म्हणालीस ना?" तर त्याला काय सांगायचं? आणि नाही म्हणावं तर हा लाजाळू माणूस पुन्हा कधी तोंड उघडेल? तो जाईल, आणि त्याच्याबरोबर शनिवारही जाईल. तिच्याजवळ होतं ते सगळं त्या टेबलावर होतं.

आठवडाभर तिनं सांगायचा प्रयत्न केला. नर्सबाईकडे गेली, तर ती केक किती थरांचा करायचा यावर मास्तरांशी भांडत होती. "तूच सांग, मोठा की लहान?" बरंताईनं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "मोठा चालेल." घरी भाऊ तर असा खूश की विचारू नका. "उशिरा का होईना, देवानं ऐकलं," म्हणाला, आणि टेप घेऊन मागच्या खोलीत शिरला. तिथे कपडे धुवायचं मशीन बसतंय का ते बघायला. ती शिवणकामाची बाई, टेप चुकीचा धरलाय हे तिला दारातूनच दिसत होतं. तेही ती बोलली नाही. लिफ्टवाला आठवडाभर फिरकलाच नाही; आनंदानं की भीतीनं, कोण जाणे. त्या शनिवारी नर्सबाईची रात्रपाळी होती, त्यामुळे जेवणही झालं नाही.

रविवार उजाडला. उपासना झाली, गीत झालं, आणि पाळकसाहेबांनी चष्मा सरळ करून घोषणा वाचली. लिफ्टवाला नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, ग्रीसचा वास कुणाला येऊ नये म्हणून. बरंताई नर्सबाईच्या शेजारी. शेवटचं वाक्य आलं: "या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती आताच सांगावी." हे वाक्य पाळकसाहेब वर्षानुवर्षं वाचत आले होते आणि कुणीही कधी हरकत घेतली नव्हती, त्यामुळे त्यांचं बोट पान उलटायला लागलेलंच होतं.

"माझी आहे," बरंताई म्हणाली.

आपण उभ्या आहोत हे तिला नंतर कळलं. सगळ्यांच्या माना वळल्या. पाळकसाहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "अहो, पण... तुमचंच लग्न आहे हे."

"म्हणूनच," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण बाहेर येत होता. "मी आमेन म्हणाले ते साखर करपत होती म्हणून. मला काय विचारलंय ते मी ऐकलंच नव्हतं. चूक माझी आहे. पण मी न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नावावर धरू नका."

कुठेतरी मागे कुणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाळकसाहेबांनी पुस्तकात पाहिलं. वधूनंच हरकत घेतली तर काय करायचं हे त्यात छापलेलं नव्हतं. "तर मग," ते म्हणाले, "तर मग आपण पुढचं गीत गाऊ." आणि सगळ्यांनी इतक्या घाईनं गायला सुरुवात केली की पेटी एका सुरात आणि मंडळी दुसऱ्यात. बरंताई खाली बसली. गीत संपल्यावर तिनं मागे वळून पाहिलं, तर शेवटचा बाक रिकामा होता.

बाहेर पायरीवर नर्सबाईनं तिला गाठलं. "अगं, तुला तो नको होता तर माझ्या कानात सांगायचंस. चारचौघांत त्या गरीब माणसाचं..."

"नको होता असं मी कुठे म्हणाले?"

"मग हवाय का तुला?"

साधा प्रश्न. बरंताईला उत्तर आतून माहीत होतं, तरी जीभ वळेना. ते वाक्य तिनं कधी बोललेलंच नव्हतं. नर्सबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचा राग उतरला. "घरी जा, बाई," ती म्हणाली. "जेव काहीतरी."

घरी भाऊ वाटच बघत होता. "लोकांत शोभा करून ठेवलीस. कुणी विचारत नव्हतं तेव्हा एकानं विचारलं, तर हे! उद्या सकाळी जा, माफी माग आणि हो म्हणून ये."

"नाही," बरंताई म्हणाली.

वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. या घरात हा शब्द या आवाजात कुणी ऐकला नव्हता.

"माफी मागेन," ती म्हणाली. "हो म्हणायचं की नाही, ते माझं मी बघेन. आणि ते मशीन त्या खोलीत मावत नाही, दादा. टेप उलटा धरला होतास."

सोमवारी तिनं दुकान उघडलं, एका पँटला चेन उलटी बसवली, ती उसवली, आणि दुसऱ्यांदाही उलटीच बसवली. तेव्हा तिनं कात्री खाली ठेवली. तो येणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पँटा घेऊन तर नाहीच, शनिवारीही नाही. चूक झाली म्हणून तो लपून बसेल, चूक त्याची नव्हती तरी. मग त्याची कसली वाट बघायची? बूट दुरुस्तीवाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगून ती निघाली. लिफ्टवाला कुठे काम करतोय ते तिला माहीत होतं. गेल्या प्रार्थनेची सुरुवात तेवढी तिनं ऐकली होती: बाजारामागच्या उंच इमारतीतली म्हातारी लिफ्ट.

इमारतीत तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत लिफ्ट नव्हती, ती वर कुठेतरी थांबवून ठेवलेली. दारापुढे आडवी दोरी बांधलेली. खाली खड्ड्यात बॅटरीचा उजेड हलत होता. बाहेर भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन एक आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या, सकाळपासून उभ्या असल्यासारख्या.

"सुरू व्हायला वेळ आहे," आजी बरंताईला म्हणाल्या. "मी विचारलं. तो माणूस बोलतच नाही."

बरंताई दोरीपाशी जमिनीवर बसली आणि खाली वाकली. लिफ्टवाल्यानं वर पाहिलं. त्याचं डोकं बरोबर तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर, गालाला ग्रीस लागलेलं. पळायला जागा नव्हती. खड्ड्याला एकच शिडी, आणि ती हिच्या बाजूला.

"काल मी सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. "तुम्हाला आधी एकट्याला सांगायला हवं होतं. मला जमलं नाही. माफ करा."

त्यानं मान हलवली. पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आणि तुम्ही जे देवाला विचारलंत ते मला विचारा."

लिफ्टवाल्यानं सवयीनं डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवा."

"उघड्या डोळ्यांनी शब्द फुटत नाहीत हो माझे," तो म्हणाला.

"मग मी थांबते फुटेपर्यंत."

"किती वेळ लागेल अंदाजे?" आजींनी विचारलं. दोघांनीही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

लिफ्टवाला तिच्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला, तो त्यानं बाहीनं पुसला आणि ग्रीस भुवयांपर्यंत पसरलं. तिला हसू आलं नाही. त्या क्षणी त्या तोंडाइतकं तिला जगात काहीच प्रिय नव्हतं, आणि हे तिला पहिल्यांदाच इतकं लख्ख कळलं. मग तो म्हणाला, अगदी हळू, पण सरळ तिच्या डोळ्यांत बघून, "माझ्याशी लग्न करायला आवडेल का तुम्हाला? नसेल आवडणार तरी चालेल. शनिवारी मी कोंबडी भाजायला येईनच."

बरंताईच्या ओठांवर तो जुना, पाठ झालेला शब्द आपोआप आला. तिनं तो गिळला. तो इथे चालला नसता. तो शब्द तिनं चेनींना, खोल्यांना, सगळ्या जगाला वाटून झिजवला होता. आजींनी पिशव्या खाली ठेवल्या.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिला रडू कोसळलं. कॉलेज तिला हवं होतं. पुढची खोली हवी होती, तिच्यात सकाळचं ऊन यायचं. ती कुणाला म्हणालीच नव्हती. म्हणाली असती तर मिळालं असतं की नाही, देव जाणे. कुणी नाही म्हणालं नव्हतं, कारण तिनं कधी मागितलंच नव्हतं.

"मी आहेच की," लिफ्टवाला खड्ड्यातून म्हणाला.